ठोसे कुणाचे आणि गल्ला कुणाचा?

१९ मार्च २०२१ रोजी पणजीत, मांडवी नदीत उभ्या असलेल्या एका कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर बॉक्सिंगची लढत झाली. एका बाजूला विजेंदर सिंग होता. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ७५ किलो गटात कांस्यपदक मिळवून भारतीय बॉक्सिंगला पहिले ऑलिंपिक पदक देणारा हाच तो विजेंदर. वय ३५. व्यावसायिक रिंगणात १२ लढती आणि १२ विजय. दुसऱ्या बाजूला रशियाचा आर्तिश लोपसान होता. वय २६, उंची सहा फूट चार इंच, पाठीशी फार थोड्या लढती आणि नाव तर आपल्याकडे कुणी ऐकलेले नव्हते. पाचव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. विजेंदर व्यावसायिक रिंगणात पहिल्यांदा हरला.

तरुण जिंकला, वयस्क हरला, विषय संपला, असे समजून ही बातमी वाचणाऱ्यांनी पान उलटले असेल. आम्हाला मात्र ही बातमी तिथे संपते असे वाटत नाही. विजेंदर त्याआधीची लढत नोव्हेंबर २०१९ मध्ये दुबईत खेळला होता. मध्ये कोरोनाचा काळ गेला. सव्वा वर्षाहून अधिक काळ रिंगणाबाहेर असलेला ३५ वर्षांचा खेळाडू एका उंच, ताज्या दमाच्या तरुणासमोर उभा राहतो आणि त्यासाठी जागा निवडली जाते ती जुगाराच्या जहाजाची गच्ची! दोघांचे रक्त आटत असताना खाली पत्ते पिसण्याची सोय होती. या जागेवर वेगळे भाष्य करण्याची गरज आहे का?

विजेंदरची कीव करावी असे आमचे म्हणणे नाही. भिवानीजवळच्या कालुवास गावच्या एका बसचालकाचा हा मुलगा हरियाणा पोलिसात अधिकारी झाला. २०१९ मध्ये त्याने लोकसभेची निवडणूक लढवली. पराभवानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये रायपूरला पुन्हा रिंगणात उतरून तो जिंकलाही. त्याला हात टेकायला जागा होती. आमचा प्रश्न ज्यांना अशी जागा नाही त्यांच्याविषयी आहे. तरुण मुठीसमोर म्हातारी मूठ उभी करणारी ही व्यवस्था कुणाची आहे? तिच्यात ठोसे कोण खातो आणि गल्ला कोण मोजतो? आमच्या वस्त्यांतील पोरे ज्या खेळात उतरतात त्या खेळाबद्दल हा प्रश्न आम्ही विचारायचा नाही तर कुणी विचारायचा?

आधी या वजनगटाविषयी थोडे. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये मिडलवेट म्हणजे १६० पौंड, सुमारे साडेबहात्तर किलो. हौशी बॉक्सिंगमध्ये हा गट ७५ किलोचा. पणजीची लढत त्याच्या लगतच्या सुपर मिडलवेट गटातली. अवजड गटात एकच ठोसा सगळे संपवू शकतो, हलक्या गटात पायांची चपळाई मोठी. मधल्या गटात ताकदही लागते आणि चपळाईही, म्हणून जाणकार या गटाला मानतात. हमाली करणाऱ्या, गवंड्याच्या हाताखाली राबणाऱ्या, अंगाने काटक माणसाचे वजन बहुधा याच्याच आसपास भरते. गंमत पाहा. ज्या ७५ किलो गटात विजेंदरने पदक आणले तो पुरुषांचा गट २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ठेवलाच नव्हता. खेळाडू घाम गाळतो आणि त्याचा गट राहणार की जाणार हे वातानुकूलित खोलीत ठरते.

वय झालेल्या बॉक्सरचे आधी काय जाते? ताकद जाते असे अनेकांना वाटते, पण ठोशातले वजन बराच काळ टिकते. आधी पाय जातात. ठोसा येताना दिसतो, पण त्याच्या वाटेतून अंग वेळेवर बाजूला होत नाही. मग अनुभवी खेळाडू अकलेवर खेळतो. अंतर राखतो, प्रतिस्पर्ध्याच्या हातांना मिठी घालून त्याचा वेग मोडतो, तीन मिनिटांच्या फेरीत शेवटच्या अर्ध्या मिनिटात जोर करून पंचांच्या नजरेत भरतो. तरुणाला हे ठाऊक नसते. त्याच्याकडे दम असतो, पण तो कुठे खर्च करावा याचा हिशेब नसतो. म्हणून अशी लढत खरोखर बघण्यासारखी असते. त्यात दोन पिढ्यांचे शहाणपण एकमेकांना भिडते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण १६ जुलै २००५ चे आहे. अमेरिकेतील लास व्हेगास शहरात मिडलवेट गटाच्या जागतिक विजेतेपदासाठी बर्नार्ड हॉपकिन्स आणि जर्मेन टेलर समोरासमोर आले. हॉपकिन्स ४० वर्षांचा, टेलर २६ वर्षांचा आणि तोवर अपराजित. दोघेही काळे, दोघेही गरिबीतून आलेले. हॉपकिन्स फिलाडेल्फियाच्या गल्लीतला. १७ व्या वर्षी त्याला १८ वर्षांची शिक्षा झाली आणि जवळपास पाच वर्षे तो तुरुंगात होता. १९८८ मध्ये पहिली व्यावसायिक लढत हरला, १९९५ मध्ये जगज्जेता झाला आणि पुढे २० वेळा त्याने ते पद राखले. टेलर आर्कान्सा राज्यातील लिटल रॉकचा. बाप घर सोडून गेलेला, धाकट्या बहिणींना सांभाळत वाढलेला, सिडनी ऑलिंपिकचा कांस्यपदक विजेता.

लिटल रॉक हे नाव आमच्या वाचकांना अनोळखी नसावे. १९५७ मध्ये याच गावातल्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ काळ्या मुलामुलींना गोऱ्या जमावाने शाळेची पायरी चढू दिली नव्हती. शेवटी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना लष्कर पाठवावे लागले, तेव्हा ती मुले वर्गात बसली. त्या गावचा पोरगा ४८ वर्षांनी जगज्जेतेपदासाठी उभा होता आणि समोर तुरुंगातून उठून आलेला त्याचाच भाऊबंद होता. तीन पंचांपैकी दोघांनी टेलरला ११५-११३ असा कौल दिला, तिसऱ्याने हॉपकिन्सला ११६-११२. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा लढत झाली आणि तीही टेलरने जिंकली. दहा वर्षांचे राज्य संपले.

पण पुढचा इतिहास याहून अधिक बोलका आहे. २००७ मध्ये टेलरला केली पॅव्हलिक या नव्या तरुणाने बाद केले. २००८ मध्ये त्याच पॅव्हलिकला ४३ वर्षांच्या हॉपकिन्सने हरवले. २०११ मध्ये वयाच्या ४६ व्या वर्षी हॉपकिन्स पुन्हा जगज्जेता झाला. आणि तरुण टेलर? २००९ मध्ये बर्लिनच्या लढतीत शेवटच्या फेरीत तो कोसळला आणि त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. तरीही दोन वर्षांनी त्याला पुन्हा रिंगणात उतरू दिले गेले. म्हाताऱ्याला संपवायला आलेला तरुण म्हाताऱ्याआधीच मोडून पडला.

हे कसे घडले? हॉपकिन्स नशीबवान होता म्हणून? आम्हाला तसे वाटत नाही. त्याने स्वतःच्या शरीरावर शिस्त ठेवली हे खरेच. पण त्याने आणखी एक गोष्ट केली. आपल्या करारावर आपली नजर ठेवली आणि २००४ पासून लढती भरवणाऱ्या कंपनीत भागीदार झाला. म्हणजे तो ठोसे मारणारा तर होताच, पण गल्ल्याच्या बाजूलाही जाऊन बसला. कुणाशी लढायचे, केव्हा लढायचे, किती पैशांत लढायचे यात त्याचा शब्द चालू लागला. बहुतेक बॉक्सरांना हे तीन प्रश्न विचारण्याचा अधिकारच नसतो.

अधिकार नसलेल्याचे काय होते ते शुगर रे रॉबिन्सनच्या आयुष्यात पाहावे. मिडलवेटचे विजेतेपद पाच वेळा मिळवणारा, सर्वकाळात श्रेष्ठ म्हणून ज्याचे नाव आजही आधी घेतले जाते असा हा काळा खेळाडू. त्याने अमाप पैसा कमावला आणि तो सगळा हातातून निसटला. मग पोटासाठी तो लढतच राहिला. नोव्हेंबर १९६५ मध्ये, ४४ व्या वर्षी, २७ वर्षांच्या जोई आर्चरकडून हरल्यावर तो थांबला. तोवर सुमारे २०० लढती झाल्या होत्या. उतारवयात त्याला स्मृतिभ्रंशाने गाठले. वारंवार डोक्यावर मार खाणाऱ्या बॉक्सरांच्या मेंदूला कायमची इजा होते हे डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच लिहून ठेवले होते. म्हणजे जवळपास शंभर वर्षे सगळ्यांना सगळे ठाऊक आहे.

व्यावसायिक बॉक्सिंगचा धंदा असा चालतो. तरुण खेळाडूचे नाव मोठे करायचे तर त्याच्या खात्यावर एखाद्या जुन्या नावाजलेल्या खेळाडूवरचा विजय लागतो. जुन्या खेळाडूला पैशाची गरज असते. दोघांची गरज तिसरा माणूस ओळखतो आणि लढत ठरते. म्हातारा ही तरुणाची पायरी होते. दहा वर्षांनी तोच तरुण दुसऱ्याची पायरी होतो. पायऱ्या बदलत राहतात. तिसरा माणूस तोच राहतो.

बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात हिंदू समाजाला जिना नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली होती. ज्या मजल्यावर जन्मलात त्याच मजल्यावर मरायचे. अशा मनोऱ्यात खालच्या मजल्यावरच्या पोराला बॉक्सिंग हा जिना वाटतो. इंग्रजी नको, ओळख नको, महागडी बॅट नको. दोन हातमोजे आणि दम असला की झाले. ताडीवाला रोड, कासेवाडी, येरवडा, जनता वसाहत इथल्या पोरांना खेळाने वर नेले तर आम्हाला आनंदच आहे. पण ज्या जिन्याची प्रत्येक पायरी ही आपल्याच एखाद्या भावाची पाठ आहे, त्याला जिना म्हणायचे का? आणि तो चढून गेल्यावर पुढची पाठ आपलीच असणार आहे हे पोराला कुणी सांगायचे?

यावर काही जण म्हणतील की मग म्हाताऱ्यांनी जागा सोडावी, विषय मिटला. तरुणाला दार उघडे असलेच पाहिजे हे आम्हालाही मान्य आहे. २०१९ मध्ये निखत झरीनने क्रीडामंत्र्यांना पत्र लिहून ५१ किलो गटासाठी निवड चाचणी घेण्याची मागणी केली. समोर सहा वेळा जगज्जेती ठरलेली मेरी कोम होती. नाव मोठे म्हणून चाचणीशिवाय जागा मिळू नये, एवढेच निखतचे म्हणणे होते आणि ते शंभर टक्के बरोबर होते. २८ डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीत चाचणी झाली. ३७ वर्षांची मेरी कोम ९-१ ने जिंकली. निखत हरली, पण दार उघडले. त्याच दारातून पुढे जाऊन २०२२ मध्ये ती जगज्जेती झाली. मेरी कोमने २०२१ मध्ये टोकियोच्या तयारीसाठी आमच्या पुण्यातच, आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये सराव केला होता.

या दोन लढतींतला फरक लक्षात घेतला पाहिजे. मेरी कोम आणि निखतच्या लढतीला नियम होता, चाचणी सर्वांना दिसेल अशी होती आणि जिंकणाऱ्याला देशाकडून खेळण्याचा हक्क मिळणार होता. तिथे वयस्क खेळाडू तरुणाशी लढला यात काही गैर नाही. उलट वयस्काला हरवल्याशिवाय त्याची जागा घेऊ नये, हा न्यायच आहे. गैर आहे ते दुसरीकडे. पोटासाठी, बाहेर दुसरे काही नाही म्हणून, माणूस वयाच्या चाळिशीत डोक्यावर मार खायला उभा राहतो ते गैर आहे. तो शौर्याने उभा आहे असे दाखवून तिकिटे विकली जातात ते त्याहून गैर आहे.

मग वयस्क खेळाडूची जागा कोणती? याचे उत्तर लास व्हेगासला शोधायची गरज नाही. ते पुण्यात, गंज पेठेत आहे. लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम तिथली. १७९४ चा जन्म. दांडपट्टा, नेमबाजी, कुस्ती यांत तरबेज असलेल्या या मातंग वीराने आपले कसब स्वतःपुरते ठेवले नाही. त्यांच्याहून ३३ वर्षांनी लहान असलेले जोतीराव फुले याच तालमीत दांडपट्टा शिकले. जोतीरावांनी अस्पृश्य मुलामुलींसाठी शाळा काढल्या तेव्हा मुले गोळा करायला आणि त्या कामाला संरक्षण द्यायला वस्ताद उभे राहिले. त्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेने १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तालमीतला दंड पुस्तकाच्या पाठीशी उभा राहिला, हा आमचा इतिहास आहे.

वस्ताद ही पदवी आहे आणि ती वयाबरोबर मोठी होत जाते. कालचा मल्ल आज लंगोट ठेवतो, आखाड्याच्या कडेला उभा राहतो आणि पोराला डाव सांगतो. पोर त्याच्याशी झोंबी घेते, पण ती शिकण्यासाठी. त्याला पाडून नाव कमावण्यासाठी नव्हे. वस्ताद एक डाव राखून ठेवतो असे आपण गमतीने म्हणतो. खरे तर तो राखून ठेवत असतो स्वतःचा मान. आज गरज आहे ती प्रत्येक जुन्या बॉक्सरला वस्ताद करण्याची. ते आपोआप होणार नाही, त्यासाठी व्यवस्था उभी करावी लागेल.

पुण्यात सोयी नाहीत असे कुणी म्हणू शकत नाही. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले. २००८ चे युवा राष्ट्रकुल खेळ तिथे झाले, २०१९ ची खेलो इंडिया युवा स्पर्धा तिथे झाली. आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट २००१ पासून इथे आहे आणि लष्कराच्या बॉईज स्पोर्ट्स कंपनीत ८ ते १४ वर्षांची मुले निवडून त्यांना शाळा आणि खेळ दोन्ही दिले जातात. पुण्याची देविका घोरपडे नोव्हेंबर २०२२ मध्ये स्पेनमध्ये युवा जगज्जेती झाली. नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ मध्ये युवा जगज्जेतेपद मिळवले आणि २०२२ मध्ये कझाकस्तानात, २०१६ ची जगज्जेती लज्जत कुंगेबायेवा हिला तिच्याच देशात हरवले. तरुण मुठी तयार आहेत. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही बॉक्सिंग असणार हे २०२५ मध्ये ठरले आहे. पण बालेवाडी आणि ताडीवाला रोड यांच्यातले अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. रोजचे बसभाडे, अंडी-दुधाचा खर्च, संध्याकाळच्या कामावर पाणी सोडणे, हे सगळे त्या अंतरात येते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. महापालिकेच्या शाळांचे हॉल आणि वस्त्यांतील समाजमंदिरे संध्याकाळी बॉक्सिंगच्या सरावासाठी खुली करा. राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या जुन्या बॉक्सरांना तिथे पगारी मार्गदर्शक म्हणून नेमा. प्रशिक्षक व्हायचे तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका विचारली जाते. दहावी-बारावीला शिक्षण सुटलेल्या जुन्या खेळाडूला ती परवडत नाही. त्याचा खर्च शासनाने उचलावा. प्रत्येक बॉक्सरची वैद्यकीय नोंदवही असावी आणि डोक्याला मार लागल्यावर डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय त्याला कुणीही रिंगणात उतरवू नये, मग ती लढत मैदानात असो की जहाजावर. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांचे प्रकार उघडकीस आले आहेत. आमच्या आरक्षणावर बोटे मोडणारे लोक या चोरीवर मात्र गप्प बसतात. खऱ्या खेळाडूचा हक्क त्याला मिळाला तर पस्तिशीनंतर कुणालाही पायरी व्हावे लागणार नाही.

हे कुणी दयेने देईल अशी आमची समजूत नाही. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक दिले. १९८४ मध्ये ते अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. ऑलिंपिक पदकाची ही कथा असेल तर जिल्हा पातळीवर खेळलेल्या आमच्या पोराला कोण विचारतो?

म्हणून काम आपल्यापासून सुरू झाले पाहिजे. आपल्या वस्तीत असा एखादा जुना बॉक्सर असेल. कुठे सुरक्षारक्षक असेल, कुठे रिक्षा चालवत असेल. त्याला विहाराच्या आवारात बोलवा. पोरांना त्याच्यासमोर उभे करा. त्याला 'वस्ताद' म्हणा आणि वर्गणी काढून मानधन द्या. पोरांना ठोसा मारायला शिकवायचेच आहे, पण त्याबरोबर करार वाचायलाही शिकवा. सही करण्याआधी चार शिकलेल्या माणसांना कागद दाखवायला सांगा. तरुण आणि म्हातारा एकमेकांसमोर येणारच आहेत. ते कुणाच्या रिंगणात येतात, एवढे ठरवणे तरी आपल्या हातात असले पाहिजे.